हजेरी

प्रवरेच्या काठी, नेवाशापासून चालत अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक गाव होते. त्या गावच्या वेशीवर एक येसकर असायचा. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, गावात परका माणूस आला की पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, ही त्याची कामे. त्याबद्दल सुगीत खळ्यावरचे धान्य आणि संध्याकाळी घरोघरची भाकर, हे त्याचे बलुते. महारवाड्यात भाऊबंदांची दहा-बारा घरे होती. त्यांतले एक त्याचे आणि भिंतीला भिंत लागून त्याच्या थोरल्या भावाचे.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासून सुरू होते. हिवाळ्यात मिशनची माणसे तंबू घेऊन गावोगाव फिरत. पुढे 1860 नंतर कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. मागे टाळकरी, पुढे कीर्तनकार, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे आपल्या रिवाजाप्रमाणे. आख्यान तेवढे येशूचे. असेच एक कीर्तन येसकराने लांब उभे राहून ऐकले. कीर्तनकाराने त्याला जाजमावर बसायला बोलावले, पण तो धजला नाही.

आख्यान होते वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाचे. चोरांनी त्याला मारून रस्त्याकडेला टाकले होते. देवळाचा याजक आला, बघून पुढे गेला. देवळातला सेवेकरी लेवी आला, तोही गेला. मग ज्याच्या भांड्याला त्या देशातले सोवळे लोक हात लावायचे नाहीत असा एक शोमरोनी आला. तो थांबला, जखमा धुतल्या, आपल्या जनावरावर घालून त्याला धर्मशाळेत नेले आणि पदरचे पैसेही भरले.

येसकर त्या रात्री वेशीवर जागाच होता. पैठण तिथून फार लांब नाही. एकनाथांनी तापल्या वाळवंटात रडणाऱ्या महाराच्या पोराला कडेवर घेतल्याची गोष्ट त्याने आजीकडून ऐकली होती आणि ती त्याला फार आवडायची. पण तिच्यात उचलणारा दुसरा आणि उचलून घेतलेला आपल्यातला. या गोष्टीत ज्याला कुणी शिवत नव्हते तोच देणारा होता. आपल्यालाही देता येते, देवाला आपल्याकडून तेच हवे आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. माझ्या मते माणूस धर्म बदलतो तो वादविवादात हरून नव्हे. कुणीतरी त्याला त्याची खरी उंची दाखवते, तेव्हा तो बदलतो.

दोन वर्षे त्याने विचार केला. पोराला मिशनच्या शाळेत घातले, त्याच्याकडून शुभवर्तमान वाचून घेतले, पाळकाला उलटसुलट प्रश्न विचारले. मग त्याने बायकोपोरासह बाप्तिस्मा घेतला.

गाव म्हणाले, पोटासाठी बाटले.

हा शब्द गावोगावच्या ख्रिस्ती घरांनी ऐकला आहे, अजूनही ऐकतात. म्हणून येसकराच्या पोटाचे खरोखर काय झाले ते सांगायला हवे. दसऱ्याला देवीपुढे रेडा मारायचा, तेव्हा महारांचा मान असायचा. येसकर पाटलासमोर हात जोडून म्हणाला, "पाटील, वेशीचं काम करीन, ओझं नेईन, वर्दी दीन. त्यात कसूर करणार न्हाई. पण रेड्याच्या कामाला मला बोलवू नका." पाटलाने ऐकून घेतले आणि सुगीत त्याचे बलुते बंद केले. भाकर तर आधीच बंद झाली होती. धर्म बदलल्याने वारसा बुडत नाही असा कायदा सरकारने 1850 सालीच केला होता, पण कायद्याने घर वाचते, खळ्यावरची पाटी भरत नाही. मिशनने त्याला पगार दिला नाही. पोराच्या शाळेची सोय तेवढी झाली. तो नदीपलीकडच्या मळ्यांत मोलमजुरी करू लागला.

गावापेक्षा भाऊबंदांचा घाव खोल लागला. जात बसली आणि घर वाळीत पडले. वाळीत टाकणे पुरुषाला चावडीवर कळते, बाईला पाणवठ्यावर. गावची विहीर महारांना पिढ्यान्‌पिढ्या बंदच होती. आता महारवाड्याच्या आडावरही येसकराच्या बायकोला जागा उरली नाही. पहिल्या दिवशी ती गेली, तेव्हा थोरल्या दिराने तिच्या हातातली घागर घेतली आणि आडाच्या काठावर आपटून फोडली. दहा वर्षांचे पोर जवळ उभे होते. त्याने खापऱ्या गोळा केल्या आणि आईच्या पदरात टाकल्या. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने त्यातली एक मोठी खापरी कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतली.

मग ती ओढ्यात झिरा उकरू लागली. हातभर वाळू काढली की खाली ओल लागते. थोडे थांबले की ओलीतून पाणी पाझरते. ते करवंटीने, वाळू ढवळणार नाही असे अलगद घ्यायचे, फडक्यातून गाळून घागरीत ओतायचे आणि पुन्हा थांबायचे. एक घागर भरायला तिची सकाळ जायची. कधी झिऱ्यात काटे सापडायचे, कधी शेण. एकदा मेलेले कुत्रे सापडले. तो झिरा तिने बुजवला आणि दहा पावलांवर दुसरा उकरला. पोर चिडायचे. आई म्हणायची, "ओढा लांब हाये बाबा. त्यांच्याकडं कुत्री किती असतील?"

पाच वर्षे अशी गेली.

1876 साली पाऊस दडी मारून बसला. मृगाने थोडी आशा लावली, पण पुढची नक्षत्रे कोरडी गेली. खरीप गेले, रब्बीला पेरणीच झाली नाही. इकडे दख्खन, तिकडे म्हैसूर आणि मद्रास इलाखा, सगळीकडे तेच. दिवाळीपर्यंत माणसांनी जनावरे मिळेल त्या भावाने विकली, विकली गेली नाहीत ती सोडून दिली. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड रेल्वेच्या भरावावर माणसांची रीघ लागली. या गावची माणसे गेली ती सडकेच्या खडीवर. पाटलाच्या भावकीतली माणसे आणि महारवाड्यातली माणसे एकाच माळावर, थोडे अंतर राखून, दगड फोडायला बसली. भुकेने तेवढे अंतर कमी केले होते.

त्या कामावर हजेरी लिहायला माणूस हवा होता. लिहिता येणारे मिळत नव्हते. येसकराचे पोर आता पंधरा-सोळा वर्षांचे झाले होते, मिशनच्या शाळेत चांगले शिकले होते, मिशनचे 'ज्ञानोदय' पत्र घडाघडा वाचायचे. ओव्हरसिअरने त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि त्याला मुकादमाच्या हाताखाली हजेरी कारकून नेमले. पोराला बसायला एक उलटी पेटी मिळाली, दौत-लेखणी मिळाली आणि हजेरीपट मिळाला. त्याचा बाप समोरच्या टोळीत खडी फोडत होता.

हजेरीपटाची ताकद किती असते ते त्या माळावरच्या माणसांना विचारावे. नावापुढे हजर लिहिले तर मजुरी, नाही लिहिले तर दिवसभर हातोडा मारूनही काही नाही. त्यात 1877 च्या जानेवारीत, दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी खाली आली. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने अर्धा किलोसुद्धा नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले, काही ठिकाणी लोकांनी कामे सोडली. जे बसून राहिले त्यांच्यासाठी एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान तोंडाचा घास.

एका सकाळी टोळीच्या शेवटी चुलता येऊन बसला. घागर फोडणारा. गालफडे आत गेली होती, हाताच्या शिरा वर आल्या होत्या. त्याने पोराकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि मान खाली घालून हातोडा उचलला. दिवसभर त्याने मान वर केली नाही. खडी मापायच्या लोखंडी कडीतून त्याचा एकेक दगड जात होता. काम चोख होते.

संध्याकाळी पोराने सगळ्यांपुढे हजर लिहिले. चुलत्याच्या नावापुढची जागा त्याने कोरी ठेवली आणि पट बगलेत मारून बापाबरोबर पालावर आला. मजुरी वाटायची ती दुसऱ्या दिवशी.

"बा, तात्याला वाचता येत न्हाई. मुकादमाला पडलेली न्हाई. ही एक रेघ आन् ती घागर, फिट्टंफाट."

आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "घागर माझी व्हती. हिशेब तू कशाला करतोस?"

बाप बराच वेळ हाताचे फोड बघत होता. मग म्हणाला, "पाच वर्सं आपल्याला तरास झाला. आपण गप ऱ्हायलो. पाळकसाहेब म्हणाले, तुमचा विश्वास मोठा. मला तवाच वाटत व्हतं, ह्यात काय मोठं? आपल्या हातात काठीच नव्हती, मारणार कशानं? आज पयल्यांदा तुझ्या हातात काठी आली. आता कळंल आपण कुणाचे."

पोराने दिवा जवळ ओढला आणि कोऱ्या जागेत हजर लिहिले.

मला या कथेत सांगायचे ते बापानेच सांगून टाकले. छळ सोसणे कठीण असते, हे मी नाकारत नाही. ज्यांनी तो सोसला त्यांच्यापुढे मी वाकतो. पण सोसताना माणसाला निवड फारशी नसते. विश्वासाची खरी पारख होते ती पारडे फिरल्यावर, छळणारा हात पसरून समोर येतो आणि माप आपल्या हाती असते तेव्हा. त्या वेळी जो भरून मापतो, त्याच्या उपासनेला अर्थ आहे.

आणि पारडे फिरल्यावर सूड हा एकच मोह पुढे येत नाही. दुसराही येतो, आणि तो दिसायला फार धार्मिक असतो.

महिनाभराने चुलता रात्री येसकराच्या पालाशी आला. बाहेरच उभा राहून म्हणाला, "तुझ्या पाळकाला सांग. म्या येतो तुमच्यात. बायकोपोरांसकट येतो. पोराला म्हणावं मला पाणी वाटायच्या कामावर लाव. हातोडा उचलत न्हाई आता."

येसकराच्या मनात काय झाले असेल! ज्याने वाळीत टाकले तोच दाराशी आला होता. महारवाड्यातला वजनदार माणूस. तो आला असता तर मागून आणखी घरे आली असती. कीर्तनात सांगायला केवढी साक्ष मिळाली असती. पण येसकराला दिसत होते ते समोरचे खोल गेलेले डोळे. त्याने भावाला आत घेतले, बायकोने थाळीत होती ती आंबील ओतली. तो पिऊन होईपर्यंत कुणी बोलले नाही.

मग येसकर म्हणाला, "दादा, पाण्याच्या कामाचं पोराच्या हातात असंल तर तो ओव्हरसिअरला सांगंल. तू आजारी हायेस, तेवढंच कारण पुरं हाये. पर देवाचं आत्ता काढू नको. पाऊस पडू दे, तुझी कणगी भरू दे. भरल्या पोटी तुला वाटलं तर ये. न्हाई वाटलं तर न्हाई. आंबील दोन्हीकडून तुझीच."

भुकेल्याने मागितलेला बाप्तिस्मा द्यावा का, हा प्रश्न मिशनच्या इतिहासात मोठा होता. त्याच दुष्काळात तेलुगू मुलखात, ओंगोलला जॉन क्लाफ नावाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. भुकेल्यांना काम मिळावे म्हणून त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे कंत्राट घेतले. माणसे बाप्तिस्मा मागत होती. क्लाफ यांनी मदतीचे काम चालू होते तोवर बाप्तिस्मे थांबवून ठेवले. पुढे 3 जुलै 1878 या एका दिवशी 2,222 माणसांचे बाप्तिस्मे झाले, याची जगभर चर्चा झाली. मला त्या मोठ्या आकड्यापेक्षा आधीचे थांबणे मोलाचे वाटते. भुकेला माणूस देव मागतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असे मी म्हणणार नाही. भूकसुद्धा माणसाला खऱ्या दाराशी आणू शकते. पण दाराशी उभे असणाऱ्याने भाकरीवर देवाची किंमत लिहू नये. लिहिली, की 'पोटासाठी बाटले' हा टोमणा खरा करण्याचे पाप त्याच्या माथी येते.

ओव्हरसिअरने चुलत्याला आठ दिवस पाण्याच्या कामावर ठेवले. ताप उतरला तसा तो परत खडीवर बसला.

तिकडे गावात राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि पोरांसाठी येसकराची बायको आठवड्याने फेरी मारायची. महारवाड्याचा आड आटून चिखल झाला होता. ओढ्यातला तिचा झिरा आणखी खोल गेला होता, पण पाझरत होता. एका पहाटे तिने लांबून पाहिले, जाऊ वाळूत गुडघे टेकून ओंजळीने पाणी घेत होती, आणि घाईत वाळू ढवळली जात होती. येसकराची बायको बाभळीआड थांबली. जाऊ गेल्यावर तिने झिरा निवळू दिला, भोवतीची वाळू नीट थापली आणि आपली करवंटी काठावर, दिसेल अशी, पालथी घालून ठेवली. घरी नेली नाही. मग ती दुसऱ्या वाटेने गेली. समोर जाऊन "घे बाई पाणी" म्हणणे सोपे होते. पण त्याने घेणारीची मान खाली गेली असती.

आता या कथेत चांगल्याचे चांगले झाले असे सांगता आले असते तर मला आनंद झाला असता. तसे झाले नाही.

मुकादम दर मजुरामागे पैसा खायचा. तेवढ्याने त्याचे भागेना, तेव्हा त्याने पोराला बारा नावे सांगितली. माळावर नसलेली माणसे. त्यांची हजेरी लिहायची, मजुरी निम्मी-निम्मी. पोराने नाही म्हटले. मुकादमाने दोन दिवस गोडीने सांगितले, तिसऱ्या दिवशी दम दिला, चौथ्या दिवशी ओव्हरसिअरकडे जाऊन सांगितले की हा बाटगा आपल्या धर्माच्या माणसांची खोटी नावे पटावर चढवतो. त्या टोळीत ख्रिस्ती घर एकच होते. पट उघडून मोजले असते तर पाच मिनिटांत खरे-खोटे झाले असते. पण मोजण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ओव्हरसिअरने दौत काढून घेतली.

हे घडले ते सगळ्या टोळीसमोर. पाटलाच्या भावकीतली माणसे होती, महारवाड्यातली होती. सगळ्यांना सत्य माहीत होते. कुणी तोंड उघडले नाही. उद्याची हजेरी मुकादमाच्या हातात होती. त्या माणसांना मी भ्याड म्हणणार नाही. त्यांची पोरे पालात उपाशी होती. पण पोराला ते किती लागले असेल, हेही मी झाकणार नाही. ज्यांच्यासाठी त्याने महिनोन्‌महिने खरी रेघ ओढली, त्यांतल्या एकानेही त्याच्यासाठी एक खरा शब्द काढला नाही.

रात्री त्याने आईला विचारले, "मंग काय मिळालं आपल्याला?"

आई म्हणाली, "मिळायसाठी केलं व्हतंस का?"

पोर म्हणाले, "न्हाई. तरी पण."

"तरी पण वाटतंच," आई म्हणाली. "मलाबी वाटतं. ये, भाकर खाऊन घे." आणि तिने त्याला जवळ बसवून जेवू घातले. त्या रात्री पालात प्रार्थना झाली ती नेहमीसारखीच, मुकादमाचे नाव घेऊन, त्याचे भले मागून. पोराने आमेन म्हटले, पण जरा उशिराने.

सकाळी पोर बापाचा जुना हातोडा घेऊन खडीवर गेले. टोळीत जागा नव्हती. सगळ्यात शेवटी चुलत्याशेजारी थोडी होती. तिथे ते बसले. चुलता थोडा सरकला. पेटीवर आता मुकादमाचा मेहुणा बसला होता.

दुपारपर्यंत दोघे बोलले नाहीत. मग चुलता दगडाकडे बघतच म्हणाला, "पयल्या दिवशी तुला पेटीवर बसलेला बघितला तवा म्या माघारी फिरणार हुतो. म्हटलं, हा काय मला हजर लिहितो. दिस भरून दगड फोडले ते बी आशा सोडूनच."

पोर काही बोलले नाही.

"का लिहिलंस?"

"तुम्ही हजर व्हता म्हणून."

चुलत्याचा हातोडा वरच्या वर थांबला. त्याने पोराच्या हातांकडे पाहिले. शाळेत शिकलेले हात, दगड कसा धरायचा ते ठाऊक नव्हते. दोन बोटे आत्ताच सोलून निघाली होती. चुलत्याने आपल्या मुंडाशाची चिंधी फाडली, पोराच्या बोटांना गुंडाळली आणि दगड त्याच्या हातात फिरवून दिला.

"असा न्हाई धरायचा. शीर बघ दगडाची, तिच्यावर मार. आन् अंगठा आत घे."